‘समान’ की ‘सामायिक’? : मुंबई वातावरण कृती आराखड्याचे एक परीक्षण

१९९२ साली रिओ दी जानेरो येथे राष्ट्रांपुढे स्वाक्षरीसाठी ठेवण्यात आलेल्या वातावरण बदलविषयक कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदात एक तत्त्व ग्रथित केले आहे. वातावरणाचे रक्षण ही सर्व राष्ट्रांची जबाबदारी खरी. परंतु ती सर्वांनी सारख्याच प्रमाणात वाहावयाची नसून ऐपतीप्रमाणे वाहावयाची आहे, व त्यात पुढाकार संपन्न राष्ट्रांनी घ्यावयाचा आहे, असा त्याचा आशय होय. मराठीत हे तत्त्व पुष्कळदा ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ या शब्दांनी सांगितले जाते. वाचणारा क्षणभर थबकतो. जे समान आहे ते त्याच वेळी भिन्न कसे असेल? तत्त्वात विरोध नाही, तो भाषांतराने निर्माण केला आहे. मूळ इंग्रजी शब्द ‘कॉमन’ हा असून त्याचा येथील अर्थ ‘सारखा’ असा नव्हे, तर ‘सर्वांच्या मालकीचा’ असा आहे. त्यासाठी मराठीत ‘सामायिक’ हा शब्द पूर्वापार आहे, आणि तो कोशातला शब्द नव्हे. सामायिक विहीर, सामायिक बांध, सामायिक भिंत, सामायिक जिना हे शब्दप्रयोग शेतकऱ्याला आणि चाळकऱ्याला सारखेच परिचित आहेत. सामायिक जमिनीत भावाभावांचे हिस्से पूर्वी आणे-पैंत लिहिले जात आणि ते सारखे असतच असे नाही. म्हणजे ‘सामायिक’ म्हटले की हिश्श्याचा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘समान’ म्हटले की तो मिटल्यासारखा वाटतो.

केवळ एका शब्दाच्या निवडीवर इतका खल करण्याचे कारण नव्हते. परंतु प्रस्तुत परीक्षणाचा विषय असलेल्या दस्तऐवजात भाषांतरातला हाच घोटाळा आशयाच्या पातळीवर झाला आहे, असे आमचे मत आहे. हा दस्तऐवज म्हणजे मुंबई महानगरपालिकेने सिद्ध केलेला व मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ होय. त्याचे वाचन आम्ही नायगाव डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. दादरच्या पूर्वेस, परळच्या उत्तरेस वसलेली ही कामगारवस्ती मुंबईच्या नकाशावर लहान असली, तरी आराखड्यातील आकडे जेथे कसाला लावता येतील अशी ती जागा आहे.

आराखड्याचे श्रेय प्रथम दिले पाहिजे. आपल्या नगरातून वर्षाकाठी किती हरितगृह वायू बाहेर पडतो याचा पद्धतशीर हिशेब मांडून, तो किती कमी करावयाचा याचे वर्षवार उद्दिष्ट जाहीर करणाऱ्या भारतीय नगरांत मुंबईचे स्थान अग्रभागी आहे. ‘सी-४०’ या जगातील मोठ्या नगरांच्या संघटनेशी मुंबई जोडली गेली आणि तिच्या व ‘डब्ल्यूआरआय इंडिया’ या संस्थेच्या साहाय्याने हे काम पार पडले. २०१९ हे आधारवर्ष धरून नगराचे उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या परिमाणात, सुमारे २ कोटी ३४ लाख टन ठरविण्यात आले. त्यातील ७२ टक्के वीज व इमारतींत जाळले जाणारे इंधन यांपासून, २० टक्के वाहतुकीपासून व ८ टक्के कचऱ्यापासून उद्भवते. हे उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी व २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी घटवावयाचे आणि २०५० साली निव्वळ शून्यावर आणावयाचे, असा संकल्प आहे. महानगरपालिका एवढ्यावर थांबली नाही. २०२४ मध्ये तिने वातावरणविषयक खर्चाचे स्वतंत्र पत्रकही प्रसिद्ध केले. आपल्याकडे सार्वजनिक संस्थांचे संकल्प उद्‌घाटनाच्या फलकाबरोबरच पुसट होतात, हे पाहता ही गोष्ट लहान नव्हे.

आक्षेप आहे तो एका आकड्याविषयी. एकूण उत्सर्जनाला लोकसंख्येने भागून आराखडा सांगतो की मुंबईचा रहिवासी वर्षाला सरासरी १.८ टन वायूस कारणीभूत होतो. गणित बिनचूक आहे. परंतु हा ‘सरासरी रहिवासी’ कोठे राहतो?

नायगावला जाऊन त्याचा शोध घेऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींपैकी ४२ चाळी येथे उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध अंधारी वाट, वाटेच्या दोन्ही हातांना खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचकूप मजल्यावर सामायिक, अशी त्यांची रचना. अशा एका खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. तिचा विजेचा वापर म्हणजे एक-दोन दिवे, पंखा, पुढे दूरचित्रवाणी संच व शीतकपाट. तेथून थोड्याच अंतरावर, नायगाव क्रॉस रोडच्या बाजूस, जेथे स्प्रिंग मिल चालत असे त्या जमिनीवर आज उंच निवासी मनोरे आहेत. तेथील घरांत खोलीगणिक वातानुकूलन यंत्र व तळघरात मोटारींचे मजले असतात. आराखड्याच्या हिशेबात चाळ व मनोरा या दोहोंचे रहिवासी एकाच भाजकात गेले आहेत. दोघांच्याही नावापुढे १.८ टन मांडलेले आहेत आणि ते दोघांपैकी कोणाचेच नाहीत.

येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचा संदर्भ आणणे अगत्याचे आहे, कारण सरासरीचे हे शस्त्र आपणच जगापुढे परजले आहे. १९९१ साली अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’तर्फे एक पुस्तिका प्रसिद्ध केली. एका अमेरिकन संस्थेने राष्ट्रांच्या एकूण उत्सर्जनाची यादी करून भारताला मोठ्या दोषी राष्ट्रांच्या पंक्तीस बसविले होते. त्याचे हे खंडन होते. पोटासाठी भात पिकविणाऱ्याच्या शेतातून निघणारा वायू आणि चैनीसाठी धावणाऱ्या मोटारीतून निघणारा वायू एका तागडीत तोलता येणार नाही, आणि तोलावयाचाच तर माणशी तोला, हा त्यांचा युक्तिवाद होता. रिओपासून आजपर्यंत भारताची आंतरराष्ट्रीय भूमिका स्थूलमानाने याच पायावर उभी आहे, आणि ती न्याय्य आहे. परंतु तिचे एक उत्तरांग आहे, जे आपण सहसा उच्चारीत नाही. जगातील दरडोई विषमता दाखविणारी मोजपट्टी देशाच्या सीमेशी आल्यावर मोडून का टाकावी? २००७ साली ‘ग्रीनपीस इंडिया’ने ‘हायडिंग बिहाइंड द पुअर’ या नावाच्या अहवालात हाच प्रश्न विचारला होता : भारतातील संपन्न वर्ग आपले उत्सर्जन गरिबांच्या अल्प उत्सर्जनाच्या आडोशाला तर लपवीत नाही ना? त्या अहवालातील सर्वच अनुमाने आम्हास मान्य आहेत असे नाही, पण प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हे. मुंबईच्या आराखड्याने तो टाळला आहे. आंतरराष्ट्रीय करारांच्या जगातून त्याने उद्दिष्ट उचलले, वर्षे उचलली, मोजणीची पद्धती उचलली. ज्या तत्त्वाने उद्दिष्टाला नैतिक अधिष्ठान लाभते ते मात्र उंबऱ्याबाहेरच राहिले.

यावर एक प्रत्युत्तर संभवते व ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. आराखडा विषमतेविषयी मूक आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. उष्म्याचा ताप पत्र्याच्या छपराखाली अधिक होतो, पुराचे पाणी सखल वस्तीत आधी शिरते, दरडी डोंगरउतारावरील झोपड्यांवर कोसळतात, याची नोंद त्यात आहे व ती कळकळीने केलेली आहे. हे आम्ही मान्य करतो, आणि आमचा आक्षेप नेमका याच ठिकाणी अधिक धारदार होतो असेही म्हणतो. झळ कोणाला किती बसते हे मोजताना आराखडा वस्ती-वस्तीत भेद करतो. जबाबदारी कोणाची किती हे मोजताना तो भेद विसरतो. गरीब मनुष्य त्यात पीडित म्हणून वेगळा दिसतो, संपन्न मनुष्य कारण म्हणून वेगळा दिसत नाही.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला असून त्यात प्रत्येक पात्र कुटुंबास उंच इमारतीत ५०० चौरस फुटांचे घर द्यावयाचे आहे. १६० फुटांतून ५०० फुटांत गेलेल्या कुटुंबाचा विजेचा वापर वाढणार. उद्वाहन आले, पाणी वर चढविणारे पंप आले, जिन्यातील दिवे आले. घरात दोन पंखे अधिक लागतील आणि एखादे वातानुकूलन यंत्रही येईल. शंभर वर्षे एका खोलीत काढलेल्या वस्तीच्या वाट्याला आलेली ही वाढ होय. भारत आंतरराष्ट्रीय परिषदांत ज्या ‘विकासाच्या हक्का’ची भाषा बोलतो, त्या हक्काचे याहून रास्त उदाहरण शोधून सापडणार नाही. परंतु २०३० ची ३० टक्के घट मोजण्याच्या दिवशी ही वाढ आणि शेजारच्या मनोऱ्यातील चौथ्या वातानुकूलन यंत्राची वाढ एकाच रकान्यात जमा होईल. एकीला मुभा आणि दुसरीला आवर, असे म्हणण्याची सोयच हिशेबात ठेवलेली नाही. मग आवर कोठे घातला जाईल? जेथे घालणे सोपे तेथे, हे आपल्या नगराचा इतिहास जाणणाऱ्यास सांगावयास नको.

त्या इतिहासाकडेही थोडे वळले पाहिजे, कारण स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याचा प्रसंग मुंबईवर प्रथमच आलेला नाही. गिरण्यांच्या धुराड्यांनी परळ-लालबागचे आकाश काळवंडले तेव्हा १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. कोळसा दूरवरून आणावा लागे व तो महाग पडे. त्याच सुमारास लोणावळ्याच्या परिसरातील घाटमाथ्यावर पाणी अडवून खोपोलीस वीज निर्माण करण्याची टाटांची योजना आकारास आली, आणि १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. धूर नाही, राख नाही, कोळशाची वाहतूक नाही. आजच्या परिभाषेत तिला ‘ऊर्जा-संक्रमण’ असे भारदस्त नाव मिळाले असते. पुढे भिवपुरीचे केंद्र झाले आणि त्यानंतर मुळशीच्या धरणावर भिरा येथील केंद्र.

मुळशीस काय घडले हे महाराष्ट्रास ठाऊक आहे, निदान असावयास हवे. निळा-मुळा खोऱ्यातील पन्नासांवर गावांच्या जमिनी पाण्याखाली जावयाच्या होत्या. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट या सत्याग्रहानेच ‘सेनापती’ झाले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. १९२४ च्या अखेरीस लढा संपला तो पराभवाने. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो साक्षेपी अभ्यास केला आहे, त्यात एक कटू गोष्ट ध्यानी येते : पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण वा त्यांच्या नावावर असल्याने लढ्याचा रोख हळूहळू जमिनीवरून भरपाईवर सरकला, आणि भरपाई कसणाऱ्यापेक्षा सावकाराच्या पदरात अधिक पडली. धरणाच्या बाजूने जे युक्तिवाद झाले त्यांत कोळशाची बचत व गिरण्यांतील रोजगार हे प्रमुख होते. दोन्ही खोटे नव्हते. नायगावच्या खोलीत राहणारा कामगार त्या विजेवर चालणाऱ्या मागावर पोट भरीत होता. आणि तो घाटावरल्याच कोण्या कुटुंबातला असण्याचा संभव कमी नव्हता. मुंबईची हवा मोकळी झाली, तिचे मोल मावळाने दिले. जबाबदारी सामायिक होती, हिस्से मात्र कोणी मांडलेच नाहीत. नायगावाहून रेल्वे ओलांडून पश्चिमेस गेले की गिरण्यांच्या ओळीने जो रस्ता दादरपासून लोअर परळकडे जातो, त्यास आज सेनापती बापट यांचे नाव आहे. आपण ज्यांचे म्हणणे ऐकत नाही त्यांचे नाव रस्त्यास देतो, ही आपली जुनी रीत.

‘भरपाई’ या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. वातावरण बदलामुळे बुडणाऱ्या बेटांनी व दुष्काळाने होरपळणाऱ्या देशांनी झालेल्या हानीचा प्रश्न तीन दशके लावून धरला. २०१५ च्या पॅरिस करारात ‘हानी व नुकसान’ यांना आठव्या अनुच्छेदात स्थान मिळाले. पण करारासोबतच्या निर्णयपत्रातील ५१ व्या परिच्छेदात, या अनुच्छेदातून दायित्व वा भरपाई यांचा आधार निर्माण होत नाही, असे स्पष्ट लिहून घेण्यात आले. २०२२ साली शर्म अल-शेख येथे हानीसाठी निधी उभारण्याचे ठरले, तेही मदत म्हणून, देणे म्हणून नव्हे. मुळशीस भरपाई मिळाली आणि तिच्या पोटी हक्क गेला. जगात हानी मान्य झाली आणि भरपाई हा शब्दच वगळला गेला. दोन्हीकडे शब्द कोणी लिहिला हे पाहिले म्हणजे अर्थ उलगडतो.

शब्दांचा असाच एक झगडा २०२१ साली ग्लासगो येथे झाला. कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने ‘बंद’ करावयाचा की ‘कमी’ करावयाचा, यावर अखेरच्या घटकेस भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी ‘कमी’ हा शब्द घालावयास लावला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी भारतावर टीकेची झोड उठविली. तेल व वायू यांविषयी अवाक्षर न काढता केवळ कोळशावर बोट ठेवण्यातला दुटप्पीपणा त्यांपैकी थोड्यांनाच दिसला. त्या इंधनांचा उल्लेख व्हावयास २०२३ ची दुबई परिषद उजाडावी लागली. त्याच ग्लासगोस पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याची घोषणा केली. त्यानंतर चारच महिन्यांनी मुंबईने २०५० हे वर्ष जाहीर केले, कारण तापमानवाढ १.५ अंशांच्या आत राखण्याशी सुसंगत आराखडा ‘सी-४०’च्या सदस्य नगरांकडून अपेक्षित असतो. राष्ट्राने एक वर्ष सांगावे व नगराने त्याच्या वीस वर्षे आधीचे सांगावे यात गैर काही नाही. संपन्न नगराने पुढे असणे हे भिन्न जबाबदारीच्या तत्त्वाला धरूनच आहे. परंतु तसे ते म्हणून सांगितलेले नाही. आणि सांगितले असते, तरी उत्सर्जनाची घट ज्या विजेवर मुख्यतः अवलंबून आहे ती वीज कोठून यावयाची याचा निर्णय महानगरपालिकेच्या हाती नाही. तुर्भे येथील टाटांच्या औष्णिक केंद्रात कोळशाचे ५०० व २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी साऱ्या महानगराची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत हे सर्वांस कळून चुकले. तुर्भ्याचे कोळशाचे संच बंद करण्याचा विचार पुढे मागे पडला व २०२३ मध्ये त्यांना मुदतवाढ मिळाली. नगरास वीज हवी, ती अखंड हवी, म्हणून तुर्भ्याच्या आसपासच्या वस्त्यांनी धूर आणखी सोसावा, असा याचा अर्थ होतो. शंभर वर्षांपूर्वीचे मोल मावळाने दिले. आताचे देणारे नगराच्या हद्दीतच राहतात, एवढाच फरक.

टीकाकाराने पर्याय सुचविलाच पाहिजे असा दंडक नाही. पण येथे तो इतका जवळ आहे की न सांगणे हा कद्रूपणा ठरेल. नायगावास वीज ‘बेस्ट’ पुरविते, आणि बेस्ट १९४७ पासून महानगरपालिकेचीच आहे. बेस्टच्या घरगुती देयकात पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढील चौथ्या दराने आकारली जातात. दर ठरविण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाचा, हे खरे. परंतु कोणत्या टप्प्यात किती ग्राहक व त्यांचा एकूण वापर किती, ही माहिती बेस्टच्या दप्तरात दरमहा तयार होते. ती उत्सर्जनाच्या भाषेत मांडली असती तर १.८ टनांच्या सरासरीखालचे चित्र उघडे पडले असते. कोणत्या टप्प्याने २०३० पर्यंत किती घटवावयाचे आणि कोणत्या टप्प्यास वाढण्याची मुभा आहे, हेही सांगता आले असते. ज्या तत्त्वासाठी भारत रिओपासून भांडत आला, ते विजेच्या देयकावर छापून प्रत्येक घरी येते. आराखड्याच्या कर्त्यांनी ते तेथे वाचले नाही.

या सूचनेत एक खोट आहे व ती आम्हीच दाखवून दिलेली बरी. टप्पा हे संपन्नतेचे विश्वसनीय माप नव्हे. एका खोलीत आठ माणसे असली की त्यांचे मीटर तिसऱ्या टप्प्यात जाते, आणि मनोऱ्यातील वर्षाचे दहा महिने बंद असलेले घर पहिल्या टप्प्यात राहते. तेव्हा दर मीटरऐवजी दर माणशी हिशेब करावा लागेल, आणि तो करण्यासाठी जनगणना व देयके यांची सांगड घालावी लागेल. काम किचकट आहे. पण १.८ हा आकडा काढण्यासाठी जे परिश्रम घेतले गेले त्यापेक्षा ते फार अधिक असेल असे वाटत नाही.

नायगावच्या नव्या इमारतींत रहिवाशांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था होतील तेव्हा त्यांच्यापुढे आदर्श उपविधींचे पुस्तक असेल. त्यात सामायिक खर्च वाटण्याचा एकच नियम नाही. पाण्याची आकारणी ज्याच्या घरात जितके नळ व जितक्या आकाराचे त्याप्रमाणे. इमारतीच्या दुरुस्तीचा निधी घराच्या बांधकामखर्चाच्या प्रमाणात. उद्वाहनाचा खर्च मात्र सर्वांना सारखा, मग कोणी तळमजल्यावर राहणारा का असेना. या शेवटच्या नियमावरून मुंबईच्या सोसायट्यांत किती सभा उधळल्या गेल्या असतील याची गणती नाही. तथापि कोणता खर्च वापराप्रमाणे वाटावयाचा, कोणता ऐपतीप्रमाणे व कोणता समान, हे ठरविण्याचा प्रयत्न तरी त्या पुस्तकात कलमवार केलेला आहे. महानगरपालिकेने आराखड्याची पुढील आवृत्ती सिद्ध करताना सी-४० च्या मार्गदर्शिकेच्या जोडीस ते ठेवावे.